‘स्क्रिप्ट-भाषा’ ही संज्ञा : जाति कीं उपाधि ?

गेल्या वर्षीं एका संस्थेच्या संग्रहांतील पेशवेकालीन पत्रांची यादी तपासून देण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें. यादी संगणकावर केलेली, छपाई स्वच्छ, अनुक्रम नीट. पाहतांक्षणीं समाधान व्हावें अशी. प्रत्येक पत्रापुढें मूळ कागदावरील शुहूर सन व त्याशेजारीं इसवी सन असे दोन रकाने होते. शुहूर सनाचा इसवी सन करण्याची रीति या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास पाहिजे असें नाहीं. शुहूर वर्ष मृगीं सुरू होतें. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरच्या पत्रांस ५९९ मिळवावे लागतात, व जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रांस ६००. यादी चाळतां चाळतां असें आढळलें कीं, हिवाळ्या-उन्हाळ्यांतील कांहीं पत्रांस ६०० मिळविलेले आहेत व कांहींस ५९९ च. ही चूक लहान नव्हे. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे शुहूर ११६१. त्या सालच्या जानेवारींतील पत्रास ५९९ मिळविले तर पानिपतच्या संग्रामाची, म्हणजे १४ जानेवारी १७६१ ची, वार्ता देणारा कागद जानेवारी १७६० मध्यें जाऊन बसेल. म्हणजे ज्या महिन्यांत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले त्याच महिन्यांत सदाशिवरावभाऊहि नाहींसे झाले असें यादीवरून ठरेल!

चूक कोठें व कशी शिरली हें पाहण्यासाठीं, सन फिरविण्याचें काम ज्या आज्ञावलीनें झालें ती दाखवा, असें प्रस्तुत लेखकानें विचारलें. उत्तर असें मिळालें कीं, यादी ठेवण्याचा मोठा प्रोग्रॅम जपून ठेविलेला आहे, त्याच्या खरेदीची पावतीहि दप्तरीं आहे. परंतु सन फिरविणारा तो कांहीं प्रोग्रॅम नव्हता, ‘ती नुसती एक स्क्रिप्ट होती’. मागें यंत्र बदललें तेव्हां ती राहून गेली. उत्तर देणाऱ्या गृहस्थांच्या मनांत लपवाछपवी कांहींच नव्हती. पावती ठेवावी, स्क्रिप्ट ठेवण्याचें कारण काय, असा त्यांचा सरळ समज होता. परिणाम मात्र असा झाला कीं, मधूनच नियम बदलला गेला कीं काय, कोणत्या रुमालापासून बदलला, हें सांगण्यास आतां कोणतेंच साधन उरलें नाहीं, व प्रत्येक पत्र पुन्हां उघडून पाहणें प्राप्त झालें.

ज्या एका शब्दामुळें हा कागद दप्तराबाहेर गेला त्या शब्दाचा इतिहास शोधून पाहावा असें तेव्हां मनांत आलें. शाळेंत चाळीस वर्षें संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें या विषयांत हात घालावा हें कांहींस धार्ष्ट्याचें वाटेल. परंतु प्रश्न यंत्राचा नसून संज्ञेचा आहे, व संज्ञांची चिकित्सा हें आमच्या धंद्याचें काम आहे.

आरंभीं एक घोंटाळा दूर करूं. स्क्रिप्ट या इंग्रजी शब्दाचा एक अर्थ लिपि. मोडीस व बाळबोधीस तोच शब्द लावितात. येथें तो अर्थ नाहीं. लिहिणें या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघालेल्या या शब्दास नाटकाची संहिता असाहि अर्थ आहे, व तोच येथें लागू पडतो : कोणीं केव्हां यावें, काय करावें, मग कोणीं यावें, हें आधींच लिहून ठेवणें. संगणकाला पाठोपाठ द्यावयाच्या आज्ञा फाईलींत लिहून ठेविल्या म्हणजे ती स्क्रिप्ट. ज्या भाषेंत लिहिल्या ती स्क्रिप्ट-भाषा. इतका अर्थ यौगिक, म्हणजे अवयवांवरून निघणारा आहे. परंतु पंकज म्हणजे चिखलांत उगवलेलें तें सर्व, असें कोणी म्हणत नाहीं. तो शब्द कमळावरच रूढ झाला. त्याप्रमाणें स्क्रिप्ट-भाषा हाहि शब्द योगरूढ झालेला आहे, आणि रूढि बसतांना त्यांत पुष्कळशी धूळहि बसली आहे.

या विषयावरील पुस्तकांत अशा भाषांचीं दोन लक्षणें वारंवार दिलेलीं आढळतात. पहिलें असें कीं, जी भाषा आधीं संपूर्ण यंत्रभाषेंत उतरवून मग चालविली जाते ती खरी प्रोग्रॅमची भाषा, व जी वाक्यागणिक उलगडत चालते ती स्क्रिप्ट-भाषा. उतरवून देणाऱ्यास कंपायलर म्हणतात. तो ग्रंथाचें सबंध भाषांतर करून हातीं देणाऱ्या पंडितासारखा. वाक्यागणिक उलगडून सांगणाऱ्यास इंटरप्रिटर म्हणतात. तो दरबारांत शेजारीं उभ्या असलेल्या दुभाष्यासारखा. दुसरें लक्षण असें कीं, ज्या भाषेंत प्रत्येक नामाचा प्रकार, हा अंक आहे, ही अक्षरमाला आहे, असा आधीं सांगावा लागतो ती पहिल्या वर्गांतील, व जींत तो सांगावा लागत नाहीं ती दुसऱ्या.

नैयायिकांच्या परिभाषेंत विचारावयाचें तर प्रश्न असा : ‘स्क्रिप्टपणा’ हा गोत्वासारखी जाति आहे, कीं पाचकत्वासारखी उपाधि ? गाय कोठेंहि असो, गायच. पाचक मात्र स्वयंपाक करतो तोंवर व त्या नात्यानेंच पाचक. उदयनाचार्यांनीं किरणावलींत जातीचीं जीं सहा बाधकें सांगितलीं आहेत त्यांत संकर हें एक आहे. दोन धर्म एकमेकांस सोडूनहि राहतात व एके ठिकाणीं एकत्रहि सांपडतात, तर त्यांस जाति म्हणतां येत नाहीं. आकाशाच्या ठायीं भूतत्व आहे, मूर्तत्व नाहीं. मनाच्या ठायीं मूर्तत्व आहे, भूतत्व नाहीं. पृथ्वीच्या ठायीं दोन्ही. हीच कसोटी येथें लावून पाहूं.

अमेरिकेंत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ च्या सुमारास आरंभिलेली व १९६० च्या निबंधानें प्रसिद्धीस आलेली लिस्प ही भाषा घ्या. त्यांच्या सहकाऱ्यांपैकीं स्टीव्ह रसेल यांनीं आय. बी. एम. ७०४ या यंत्रावर तिचा इंटरप्रिटर हातानें रचला. म्हणजे ती दुभाष्यावर चाललेली भाषा. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनांत वावरणाऱ्या या भाषेस त्या काळीं स्क्रिप्ट-भाषा म्हणण्याचें कोणाच्या स्वप्नींहि आलें नाहीं. उलट जावास्क्रिप्ट ही भाषा घ्या. तिच्या नांवांतच स्क्रिप्ट आहे. आणि २००८ च्या सप्टेंबरांत गूगलनें आपल्या क्रोम ब्राउझरबरोबर व्ही-८ नांवाचें जें यंत्र बाहेर आणिलें तें या भाषेचें थेट यंत्रभाषेंत रूपांतर करीत असे. नांव स्क्रिप्टचें, चाल कंपायलरची. आणि १९७९ सालच्या युनिक्समधील बोर्न शेल या भाषेंत दोन्ही धर्म एकत्र आहेत. भूतत्व-मूर्तत्वाचा संकर याहून वेगळा नाहीं.

खरें पाहतां या लक्षणांत आणखी एक दोष आहे. आधीं उतरविणें कीं वाक्यागणिक उलगडणें हा भाषेचा धर्मच नव्हे; तो ती चालविणाराचा धर्म आहे. बेसिक ही भाषा केमेनी व कर्ट्‌झ या अध्यापकद्वयानें डार्टमथ महाविद्यालयांत मे १९६४ मध्यें सुरू केली तेव्हां ती कंपायलरवर चालत असे. पुढें १९७५ पासून लहान यंत्रांवर आलेली बेसिक इंटरप्रिटरवर चालूं लागली. म्हणून भाषेची जात पालटली काय ? जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत सी-प्लस-प्लस ही कंपायलर-भाषांतील अग्रेसर भाषा क्लिंग नांवाच्या इंटरप्रिटरवर वाक्यागणिक चालविली जाते. पायथन आणि जावा यांची तर गंमतच आहे. दोहोंचाहि मजकूर आधीं एका मधल्या संकेतभाषेंत उतरतो व मग तो संकेत चालविला जातो; तथापि पायथन स्क्रिप्ट-भाषा म्हणून ओळखली गेली व जावा कधींच नाहीं.

दुसऱ्या लक्षणाचीहि तीच गत आहे, म्हणून तें लांबवीत नाहीं. प्रकार आधीं न सांगतां चालणारी लिस्प स्क्रिप्ट नव्हे हें वर आलेंच. शिवाय ज्या भाषांत ते सांगावे लागत नसत त्यांतच पुढें लोक ते हौसेनें सांगूं लागले : मायक्रोसॉफ्टनें २०१२ मध्यें जावास्क्रिप्टवर प्रकारांचा साज चढवून टाइपस्क्रिप्ट काढली, व २०१५ मध्यें पायथनच्या ३.५ या आवृत्तींत प्रकार लिहिण्याची सोय झाली. तरी तीं नांवें होतीं तेथेंच राहिलीं.

लक्षणें अशीं ढळूं लागलीं म्हणजे इतिहासाकडे वळावें. या संज्ञेचा उगम ज्या व्यवहारांतून झाला तो व्यवहार संज्ञेहून जुना आहे. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत १९६१ मध्यें फर्नांडो कॉर्बाटो यांनीं एक यंत्र अनेक जणांनीं एकाच वेळीं वापरावें अशी योजना चालवून दाखविली. तेथें लुई पूझँ या फ्रेंच गृहस्थांनीं १९६३-६४ च्या सुमारास रनकॉम नांवाची सोय केली. टंकावर बसून त्याच त्याच आज्ञा पुन्हां पुन्हां देण्याचा कंटाळा. म्हणून त्या एका फाईलींत लिहून ठेवाव्या व फाईलीचें नांव घेतांच सर्व क्रमानें चालाव्या, एवढाच तिचा आशय. आज्ञांच्या या पद्धतीस शेल म्हणजे कवच हें नांव पूझँ यांनींच दिलें, व १९६५ मध्यें त्याविषयीं टिपण लिहिलें. युनिक्सच्या वंशांतील यंत्रांत आरंभीं आपोआप चालणाऱ्या फाईलींच्या नांवाशेवटीं ‘आर-सी’ हीं दोन अक्षरें आजहि दिसतात. तीं या रनकॉमचीं आहेत. आपल्याकडे जुन्या दानपत्रांतल्या गांवाचें नांव एखाद्या वाडीच्या नांवांत मिळावें, तसाच हा प्रकार.

त्याच काळांत आय. बी. एम. या कंपनीच्या ३६० या यंत्रमालेसाठीं काम लावून देण्याची एक नियंत्रण-भाषा तयार झाली. हें काम ज्यांच्या देखरेखीखालीं झालें त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनींच पुढें, ही आजवर कोणींहि केलेल्या भाषांत सर्वांत वाईट, असा कबुलीजबाब दिला आहे. त्यांनीं दिलेलें कारण फार मार्मिक आहे : आपण एक भाषा रचीत आहोंत हें रचणारांच्या ध्यानांतच आलें नाहीं, मुख्य प्रोग्रॅमाबरोबर द्यावयाच्या चार नियंत्रण-पत्त्या एवढीच त्यांची तिच्याविषयीं कल्पना होती. प्रस्तुत लेखकास या सबंध इतिहासांत याहून बोलका पुरावा आढळला नाहीं. नांव न दिल्यानें वस्तु नाहींशी झाली नाहीं, फक्त तिची आबाळ झाली. ज्या भाषेंत हजारों लोकांस रोजचें काम करावें लागलें तिला भाषेचा मान नसल्यामुळें भाषेवर करावयाचे संस्कारहि तिच्यावर झाले नाहींत.

बेल प्रयोगशाळेंतील युनिक्सचा मार्ग निराळा होता. १९७१ मध्यें केन टॉमसन यांनीं केलेला शेल अगदींच साधा असे. ‘जर’ आणि ‘अमुक ठिकाणीं जा’ हे शब्दसुद्धां त्यांत भाषेचे अवयव नसून बाहेरचे स्वतंत्र प्रोग्रॅम होते. बागेंतील पाण्याच्या नळीला नळी जोडावी तसा प्रोग्रॅमाला प्रोग्रॅम जोडतां यावा, ही कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनीं १९६४ मध्येंच टिपून ठेविली होती. ती १९७३ मध्यें युनिक्समध्यें आली व पाइप या नांवानें प्रसिद्ध झाली. लहान प्रोग्रॅम पुष्कळ, प्रत्येकाचें काम एकच, आणि जोडणारा शेल. मग १९७९ मध्यें स्टीफन बोर्न यांचा शेल आला. बोर्न हे अल्गोल ६८ या पंडितमान्य भाषेच्या वर्तुळांत वाढलेले. त्यांनीं तिची धाटणी शेलमध्यें आणिली. अल्गोलांत ‘इफ’नें उघडलेला खंड तींच अक्षरें उलटीं करून ‘फि’नें मिटतो, ‘केस’चा ‘एसॅक’नें, या जोड्या शेलांत तशाच आल्या. त्या न्यायानें ‘डू’चा शेवट ‘ऑड’नें व्हावयाचा, परंतु त्या नांवाचा एक प्रोग्रॅम युनिक्समध्यें आधींपासून नांदत होता, म्हणून तेथें ‘डन’ लिहावें लागलें. अपवादांतून ग्रंथाचा इतिहास कळतो, हें पाणिनीच्या अभ्यासकांस नवें नाहीं. येथेंहि एका अपवादावरून स्पष्ट दिसतें कीं, पंडितांची भाषा आणि चाकरीची भाषा यांचा रोटीबेटी-व्यवहार १९७९ पूर्वींच सुरू झाला होता.

याच घरांत १९७७ मध्यें ऑक ही भाषा झाली. एहो, वाइनबर्गर व कर्निगन या तीन कर्त्यांचीं आद्याक्षरें म्हणजेच तिचें नांव. ओळींच्या यादींतून हव्या त्या ओळी निवडून त्यांवर कांहीं करावें, याकरितां एक-दोन ओळींचें लिखाण पुरेल, अशी कर्त्यांची अपेक्षा होती. लोकांनीं तींत पानेंच्या पानें लिहिलीं, तेव्हां कर्त्यांस आश्चर्य वाटलें. म्हणजे लहान तें स्क्रिप्ट व मोठा तो प्रोग्रॅम, हें तिसरें लोकप्रिय लक्षणहि संज्ञा रूढ होत असतांच मोडून पडलें होतें.

या सर्व विखुरलेल्या व्यवहारास शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय जॉन ऑस्टरहाउट यांस आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत विद्युत्-मंडलें आंखण्याचे प्रोग्रॅम ते व त्यांचे विद्यार्थी करीत असत. प्रत्येक प्रोग्रॅमास आज्ञा देण्याची एक एक भाषा लागे व ती दर वेळीं घाईनें, कशीबशी केली जाई. तेव्हां कोणत्याहि प्रोग्रॅमाच्या पोटांत बसवितां येईल अशी एकच चांगली भाषा करावी म्हणून त्यांनीं १९८८ मध्यें टीसीएल रचली. दहा वर्षांनीं, मार्च १९९८ मध्यें, त्यांनीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील विभागणी त्यांच्या नांवानेंच ओळखली जाते. एक वर्ग पायाचें काम करणाऱ्या भाषांचा. सी, सी-प्लस-प्लस, जावा त्यांत येतात. दुसरा जोडकामाच्या भाषांचा; पर्ल, टीसीएल, पायथन, शेल त्यांत येतात. पहिल्या वर्गांतील एका ओळीपासून यंत्राच्या सरासरी पांच आज्ञा होतात, तर दुसऱ्या वर्गांतील एक वाक्य शेंकडों किंवा हजारों आज्ञा करून घेतें, असें त्यांचें मापन आहे. दुसऱ्या वर्गांतील भाषा शून्यापासून बांधण्यासाठीं नसून, आधीं बांधलेले भाग आहेत असें धरून ते जोडण्यासाठीं आहेत, हें त्यांचें मुख्य प्रतिपादन.

या निबंधावर टीका पुष्कळ झाली. प्रस्तुत लेखकाचें मत असें कीं, ऑस्टरहाउट यांनीं व्यापार बरोबर ओळखला, पण तो भाषांच्या जातींत वाटून टाकला. जोडणें आणि बांधणें हे दोन व्यापार खरे आहेत. जोडणाऱ्या भाषा आणि बांधणाऱ्या भाषा असे दोन वंश मात्र खरे नव्हेत. जास्वंदीजवळ ठेविलेला स्फटिक तांबडा दिसतो. तांबडेपणा खोटा नव्हे, पण तो स्फटिकाचा नव्हे.

याचा उत्तम दाखला जावास्क्रिप्टच्याच कागदपत्रांत सांपडतो. १९९५ च्या मे महिन्यांत ब्रेंडन आइक यांनीं नेटस्केप कंपनींत अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना केला. ४ डिसेंबर १९९५ रोजीं नेटस्केप व सन या कंपन्यांनीं मिळून तिची घोषणा केली, तींतील वांटणी पाहण्याजोगी आहे : जावा ही व्यवसायी प्रोग्रॅमरांची, ज्यांस प्रोग्रॅमचा अनुभव थोडा किंवा मुळींच नाहीं अशांसाठीं जावास्क्रिप्ट. म्हणजे येथें भाषेचें लक्षण सांगितलें नसून लिहिणाराचें सांगितलें आहे. जून १९९७ मध्यें या भाषेचें प्रमाण-पत्रक एक्मा या संस्थेनें २६२ या क्रमांकानें प्रसिद्ध केलें. पूर्वसिद्ध व्यवस्थेच्या सोयी हाताळण्यासाठीं, आपल्याजोग्या करून घेण्यासाठीं व आपोआप चालविण्यासाठीं वापरावयाची प्रोग्रॅम-भाषा ती स्क्रिप्ट-भाषा, असें त्यांत म्हटलें आहे. ही व्याख्या प्रस्तुत लेखकास सर्वांत निर्दोष वाटते. तींत कंपायलर नाहीं, प्रकार नाहींत, लांबी नाहीं. फक्त वापर आहे. नंतर २००९ मध्यें रायन डाल यांच्या नोडमुळें ही भाषा ब्राउझर सोडून स्वतंत्र यंत्रावर चालूं लागली, मोठमोठीं कामें करूं लागली. तेव्हां त्याच पत्रकाच्या पुढच्या आवृत्त्यांत एक वाक्य वाढलें : ही भाषा मुळांत स्क्रिप्ट-भाषा म्हणून योजिली होती, परंतु आतां ती सर्वसाधारण प्रोग्रॅम-भाषा म्हणून सर्वत्र वापरांत आहे. जाति असती तर ती अशी सुटती ना. गाईचें गोत्व म्हातारपणीं उतरत नाहीं.

जोडकामास हलकें समजण्याची चूक किती महाग पडूं शकते हें मानवी जनुकांच्या वाचनाच्या प्रकल्पांत दिसून आलें. लॅरी वॉल यांनीं १९८७ च्या डिसेंबरांत पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. वॉल हे भाषाशास्त्राचे अभ्यासक. मजकुराची चाळणी व जुळणी हें त्यांच्या भाषेचें बलस्थान. फेब्रुवारी १९९६ मध्यें इंग्लंडांत केंब्रिज येथें दोन मोठ्या जनुकवाचन-केंद्रांचे लोक जमले. दोघांचे हेतु एक, पद्धति सारख्या, पण माहिती ठेवण्याचे सांचे निरनिराळे. त्यामुळें एकाची माहिती दुसऱ्यास वाचतां येईना. हा खोळंबा दूर झाला तो पर्लमध्यें लिहिलेल्या जोड-आज्ञावलींनीं; त्याचा वृत्तांत लिंकन स्टाइन यांनीं त्याच वर्षीं लिहून ठेविला आहे. तो त्यांनीं लिहिला म्हणून आपणांस माहीत आहे. ज्या जोडकामांचे वृत्तांत कोणीं लिहिले नाहींत त्यांची गणती कोण करणार ? राजवाड्यांनीं बखरींहून अस्सल चिटोऱ्यांस अधिक मोल दिलें, व त्यामुळें आपल्या इतिहासाचें रूप पालटलें. संगणकाच्या क्षेत्रांत मात्र बखरी जपल्या जातात आणि चिटोरीं यंत्राबरोबर भंगारांत जातात.

पायथनचे कर्ते ग्विडो व्हॅन रॉसम यांनीं १९८९ च्या डिसेंबरांत, अ‍ॅमस्टरडॅम येथील गणितसंस्थेंत असतां, ती लिहावयास घेतली. शेल आणि सी यांच्या मधली जागा तिनें भरून काढावी असा त्यांचा विचार होता. फेब्रुवारी १९९१ मध्यें ती प्रसिद्ध झाली. शास्त्रीय गणनेंत तिचा जो एवढा प्रसार आहे त्याचें कारण ती वेगवान आहे हें नव्हे; वेगाचें काम तिच्यामागें उभे असलेले सी व फोर्ट्रान यांतील जुने भाग करतात, ती त्यांस क्रमानें रंगभूमीवर आणिते. अशा भाषेस संस्कृतांत शब्द शोधूं गेल्यास सूत्रधार यावांचून दुसरा सुचत नाहीं. त्यांत दोरी धरणें आहे, संहिता आहे, आणि इतरांकडून करवून घेणेंहि आहे. आणि गंमत अशी कीं, मराठींतील सुतार हा शब्दहि सूत्रधार याचाच अपभ्रंश. सुतार लांकूड उत्पन्न करीत नाहीं. दुसऱ्यानें वाढविलेलें, दुसऱ्यानें तोडलेलें लांकूड तो दोरी धरून मापतो व सांधतो. त्याचा सांधा चुकला तर दरवाजा लागत नाहीं, लांकूड सागाचें असलें तरी.

वरील यादींत झालें तें हेंच. यादी ठेवणारा मोठा प्रोग्रॅम निर्दोष होता. जो रकाना त्यास दिला तो त्यानें इमानानें सांभाळला. ऐतिहासिक निर्णय, म्हणजे ५९९ कीं ६००, त्या चार ओळींच्या सांध्यांत होता. पत्राची मिति लाविणें हें संशोधकाचें काम. तें त्या दिवशीं त्या ओळींनीं केलें, आणि ज्यानें मिति लाविली त्याचा कागदच दप्तरांत नाहीं. एखाद्या संपादकानें मित्या छापाव्या व त्या कोणत्या जंत्रीवरून लाविल्या हें सांगूं नये, तर हें त्रैमासिक त्याचा लेख परत पाठवील. यंत्रानें लाविलेल्या मितीस हीच अट कां नसावी हें समजत नाहीं. यादींबरोबर त्या यादीवर चाललेली प्रत्येक आज्ञावली, तारीखवार, बदलांसह ठेविली पाहिजे. तिला स्क्रिप्ट म्हणा कीं प्रोग्रॅम, दप्तरदारानें तो विचार करूं नये.

तूर्त पत्रें पुन्हां उघडून पाहण्याचें काम चालू आहे. माझा एक जुना विद्यार्थी रविवारीं येतो. त्याच्या साहाय्यानें सन फिरविण्याचा नियम पायथनमध्यें नव्यानें लिहिला. पत्रावरील महिना व चंद्र यांवरून प्रथम इंग्रजी महिना ठरवावयाचा, मृगाची तारीख त्या त्या वर्षाच्या जंत्रीवरून घ्यावयाची, व जेथें कागद फाटल्यामुळें महिना लागत नाहीं तेथें ५९९ किंवा ६०० न मिळवितां रकाना रिकामा सोडावयाचा. जुन्या आज्ञावलीनें असा रकाना कोठेंच रिकामा सोडलेला नव्हता, ही गोष्ट आमच्या ध्यानांत तेव्हांच आली. सगळें लिखाण सव्वीस ओळींचें झालें. तें छापून घेऊन, खालीं तारीख घालून, यादीच्या पहिल्या पानाच्या पाठीस चिकटविलें आहे.